आमशा हजर

भिला आप्पांना कुणी नुसतं क्लार्क म्हटलेलं खपत नसे. मुख्य लिपिक म्हणा, नाहीतर सरळ आप्पा म्हणा. धडगावच्याही पुढे, घाट चढून शेअर जीप जिथे शेवटची थांबते, तिथल्या एका संस्थेच्या आश्रमशाळेत त्यांची एकोणतीस वर्षं गेली. सोमवारी रनाळ्याहून निघायचं, नंदुरबार, प्रकाशा, शहादा करत दुपारपर्यंत शाळा गाठायची, आणि शनिवारी हाच प्रवास उलटा. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून खाडाखोडीचा एक कागद पुढे गेला नाही. सेवापुस्तकांना खाकी कव्हरं, हजेरीपटाच्या रेघा पट्टीने आखलेल्या, आणि अक्षर असं की तपासणीला आलेले साहेब आधी अक्षराची तारीफ करत आणि मग चहा घेऊन निघून जात. आत काय लिहिलंय ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. आप्पांना मात्र वाटे, आपलं सगळं खरं असतं म्हणून कुणी वाचत नाही.

"माणूस काय, काहीही बोलतो. कागद बोलतो ते खरं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवा शिक्षक रुजू झाला की त्याला ते ऐकावंच लागे.

आता कागद काय बोलणार हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं, ही गोष्ट आप्पांइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्यांना शाळेत घालताना बापाने मास्तरांना म्हटलं होतं, "वय जरा कमी लिखी ल्या मास्तर, पुढे नोकरीले कामे यी." मास्तरांनी पोराकडे एकदा पाहिलं आणि एक जून लिहून टाकलं. तारीखच पावणेदोन वर्षांनी पुढची. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून त्या काळी सगळ्या मास्तरांना जगातली सगळी मुलं एक जूनला जन्मलेली दिसत. पुढे आप्पांचा पुतण्या जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी धुंडाळत होता, तेव्हा कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत त्याला काकांची खरी नोंद सापडली. नऊ सप्टेंबर, मुलगा, बापाचं नाव, गाव रनाळे. पुतण्याने कौतुकाने तिची नक्कल आणून दिली. आप्पांनी ती शाळेतल्या आपल्या ड्रॉवरमध्ये तळाला घालून ठेवली. फाडली नाही, कारण कागद फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

त्याच शाळेत आमशा नावाचा कामाठी होता. पाणी भरणं, धान्याची पोती उचलणं, चुलीला लाकडं फोडणं, पडेल ते काम. शाळेच्या वरच्या अंगाला, नाला ओलांडून त्याचा पाडा. चार वर्षं नोकरी केली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचूरसाठी कैऱ्या उतरवताना तो आंब्यावरून पडला. कंबर मोडली. वैदू झाला, धडगाव झालं, नंदुरबारचा दवाखाना झाला, पण आमशा काही उभा राहिला नाही. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी त्याच्या जागी त्याची बायको भुरीबाई येऊन उभी. ऑफिसच्या दारात येऊन म्हणाली, "आप्पा, त्यानी कंबर गयी. आते मी उनी."

तिच्या लेखी त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. डोंगरात काम हे घराला मिळतं. रानातली मजुरी असो की गुजरातेतली ऊसतोड, घरातलं एक माणूस पडलं की दुसरं उभं राहतं, मुकादम डोकी मोजतो, नावं नाही. सरकारने नोकरी दिली ती आमशाच्या घराला दिली, आता घर तिला पाठवतंय. एवढा सरळ हिशेब. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "असू द्या आप्पा, घरचंच माणूस आहे. कागद कशाला वाढवता?" त्याच वेळी वर एक कागद गेला असता, तर कदाचित काही मार्ग निघाला असता. निघाला नसताही. पण कागद गेलाच नाही. आप्पांनी त्या दिवशी हजेरीपट उघडला, आमशाच्या नावापुढे पेन दोन क्षण धरून ठेवला, आणि लिहिलं, हजर. दुसऱ्या दिवसापासून पेन थांबला नाही.

सतरा वर्षं. भुरीबाई दिवस उगवायच्या आत यायची आणि पोरं रात्रीचं जेवून उठली की जायची. पुढे स्वयंपाकीण बाई सोडून गेली तेव्हा दोनशे पोरांच्या भाकरीही तिच्यावरच आल्या, कारण हजर आमशा होता आणि आमशा नाही म्हणत नव्हता. कुठलं पोर रात्री अंथरुणात रडतं, कुणाला वरणाने उलटी होते, कुणाचा बाप होळीला न्यायला येईल आणि कुणाचा येणार नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. पहिलीतल्या नव्या पोरांना मराठीचा एक शब्द कळत नसे. गुरुजी ओरडून थकले की तीच त्यांच्या पावरी बोलीत समजावून सांगे. चैत्या म्हणून एक पोर तीनदा पळून गेलं, तीनदा हिने नाल्यापलीकडून धरून आणलं, आणि आज ते शहाद्याला कॉलेजात आहे. यातलं काही नोंदवायला हजेरीपटात रकाना नव्हता. रकाना होता तो एकच, आणि त्यात आप्पा रोज सुंदर अक्षरात लिहायचे, हजर.

गंमत पुढेच आहे. महिनाअखेरच्या पगारपत्रकावर आमशाचा अंगठा लागायचा. भुरीबाई म्हणाली, मी लावते, अंगठ्याला काय नाव असतं? आप्पा भडकले. खोटा अंगठा? माझ्या पत्रकावर? ते स्वतः कागद आणि शाईचा डबा पिशवीत घालून नाला ओलांडून पाड्यावर जात, आमशाच्या खाटेशी बसत, त्याचा अंगठा नीट पुसून, शाईत बुडवून, बरोबर चौकोनात उमटवून घेत. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गेले, पण अंगठा खराच घेतला. असा हा नियमांचा माणूस. आमशा खाटेवर बसून बांबूच्या टोपल्या विणायचा आणि आप्पांना दरवेळी तेच विचारायचा, "मन्हं काम नीट चाललंय ना?" आप्पा म्हणायचे, "नीट शे."

मग ऑनलाइन प्रणाली आली. गेल्या डिसेंबरात पत्र आलं की सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती आता ऑनलाइन भरायची, सेवापुस्तकातली एकूण एक नोंद मूळ कागदावरून पडताळून टाकायची, प्रत्येकाचा चेहरा आधारशी जुळवायचा आणि एक जानेवारीपासून हजेरी मोबाइलवर चेहरा दाखवून. प्रशिक्षणाला नंदुरबारला बोलावलं. तिथे टाय बांधलेला एक पोरगा पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, "डेटा शंभर टक्के अचूक हवा. एक चूक, आणि सिस्टिम ती आयुष्यभर लक्षात ठेवते." बाकीचे लिपिक जांभया देत होते. आप्पांना मात्र भरून आलं. आयुष्यभर आपण जे सांगत आलो ते आज पडद्यावर मोठ्या अक्षरांत कुणीतरी दाखवत होतं.

परत येऊन ते कामाला लागले. दोन बोटांनी टाइप करायचे, पण प्रत्येक नोंद तीनदा ताडून पाहायचे. चव्वेचाळीस माणसं. चव्वेचाळिसांपैकी एकतीस जणांची जन्मतारीख एक जून निघाली. मुख्याध्यापक करणसिंग सर खांद्यावरून डोकावून म्हणाले, "आप्पा, आपली शाळा आहे की एका आईची लेकरं?" सर इथलेच, शेजारच्या पाड्यातले, याच शाळेत शिकलेले, त्यांचीही तारीख तीच. दोघे हसले. एकतीस जणांच्या नावापुढे प्रणालीने हिरवी खूण दिली, कारण दाखल्यावर जे होतं तेच आप्पांनी भरलं होतं. खरं-खोटं प्रणाली विचारत नव्हती, कागदाशी जुळतं का एवढंच विचारत होती.

स्वतःची नोंद आप्पांनी सगळ्यांच्या नंतर भरली. जन्मतारखेच्या रकान्यापाशी आल्यावर त्यांनी चष्मा पुसला. खऱ्या तारखेने धरलं तर ते सप्टेंबरअखेरच निवृत्त व्हायला हवे होते; दाखल्याने धरलं तर अजून दीड वर्षाच्या आसपास खुर्ची त्यांची होती. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला जोडला, एक जून टाकलं, आणि हिरवी खूण उमटली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, दुसरं काय!

जानेवारी उजाडला, आणि चेहऱ्यांचा दिवस आला. करणसिंग सरांच्या मोबाइलसमोर एकेक जण उभा राहत होता. आमशाचं नाव पुकारलं तशी भुरीबाई कपाळावरचा घाम पुसून, पदर सारखा करून, पुढे झाली. हातांना पीठ तसंच. सरांनी मोबाइल धरला. लाल फुली. पुन्हा धरला. पुन्हा लाल फुली. ओळीत उभ्या शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कुणी हसलं नाही.

"उजेड नही," भुरीबाई म्हणाली. "बाहेर उन्हामा काढ."

सरांनी तिला उन्हात नेऊन फोटो काढला. लाल फुली. ती म्हणाली, "तुन्हा मोबाइल जुना व्हयी गया." सरांनी मोबाइल खिशात घातला. भुरीबाई नात्याने त्यांची मामी लागत होती, आणि लहानपणी याच शाळेत असताना सुट्टीत त्यांनी तिच्या घरच्या भाकरी खाल्ल्या होत्या.

संध्याकाळी पोरं मैदानात खेळत असताना सर ऑफिसात आले आणि दार लोटून घेतलं.

"आप्पा, आता?"

"खरं लिहू या," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात ठामपणा होता, तो त्यांना स्वतःलाही आवडला. "आमशा सतरा वर्षं अंथरुणाला आहे. बाई काम करते. तसा अहवाल पाठवू, तिची सेवा धरा म्हणून विनंती करू."

"आणि सतरा वर्षांच्या हजेरीपटांचं काय? 'हजर' अक्षर कुणाचं आहे?"

आप्पांनी समोरचा हजेरीपट मिटला.

"खालच्या सह्या आधीच्या सरांच्या आणि आता माझ्या," सर पुढे म्हणाले. "चौकशी लागेल. तुमची, माझी, आमशाची. त्याच्याकडून सतरा वर्षांचं सगळं परत मागतील. कुठून देणार तो? टोपल्या विकून? त्यापेक्षा ऐका. डिसेंबरपर्यंत आमशा हजर होता, कागद तसं म्हणतोच आहे. एक जानेवारीपासून गैरहजर. विनापरवानगी. तीन नोटिसा, मग सेवा समाप्तीचा प्रस्ताव. कुणाच्या अंगाला काही लागत नाही."

"बाईच्या?"

"बाई कागदावर आहे कुठे?"

सर गेल्यावर आप्पांनी एक कोरा कागद घेतला आणि अहवाल लिहायला घेतला. पानभर लिहिला. आंब्याचं झाड, कंबर, जूनमधली ती सकाळ, दोनशे पोरांच्या भाकरी, चैत्या, सगळं. आयुष्यात प्रथमच त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं. सही करण्यापूर्वी ते थांबले. चौकशी आली की साहेब हजेरीपट वाचणार. हजेरीपट वाचला की लिहिणाऱ्याचं सेवापुस्तक मागवणार. एकदा उकरायला लागले की रनाळ्याची कोतवालाची वही काय लांब आहे? दीड वर्ष उरलंय. निवृत्तिवेतन आहे. पुतण्यालाही ती नोंद ठाऊक आहे.

शनिवारी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, मंगलाबाईला, सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, हात न थांबवता म्हणाली, "दुसराना काटा काढाले जाशात आन् आपलाच पायमा रुताडी लिशात." आप्पांना हेच ऐकायचं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून. सोमवारी त्यांनी तो अहवाल ड्रॉवरच्या तळाला, कोतवालाच्या वहीच्या नकलेवर ठेवला. अख्ख्या ऑफिसात खरे कागद दोनच, आणि दोन्ही एका ड्रॉवरमध्ये.

मग त्यांनी प्रणाली उघडली आणि आमशाच्या नावापुढे भरलं: एकतीस डिसेंबरपर्यंत उपस्थित. एक जानेवारीपासून अनधिकृत गैरहजर. हिरवी खूण आली.

भुरीबाईला सांगायचं काम सरांनी आप्पांवर ढकललं. आप्पांनी तिला ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. सतरा वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती, म्हणून घाबरली आणि जमिनीवरच बसली. आप्पांनी समजावलं. या संगणकाच्या पेटीला चेहरा लागतो, नाव आमशाचं आहे, आमशा येऊ शकत नाही, म्हणून आमशा गैरहजर, म्हणून नोकरी जाणार. ती नीट ऐकत होती.

"पन मी रोज उनी ना?" ती म्हणाली. "तू तर देखस. नालाले पूर व्हता तवय बी उनी. मन्ही पोर मरनी, तवय तिसऱ्या दिवशी उनी."

"उनी व्हती. मी नही म्हणत नही."

"मंग मन्हं नाव त्यामा कोठे शे?"

"तुन्हं नाव नही त्यामा, भुरीबाई. आमशानं शे."

"आमशा तर खाटवर व्हता. तो नही उना. मी उनी. तू लिखस ना? मंग मन्हं लिख. आज लिख."

आप्पांना तिच्या नजरेकडे पाहवेना. ते संगणकाच्या पडद्याकडे पाहत म्हणाले, "असं लिखता येत नही, बाई. ही पेटी खोटं लेत नही."

ही एवढी गोष्ट बोलून ते मोकळे झाले. पण भुरीबाई उठली नाही. हळू आवाजात, जणू स्वतःशीच हिशेब जुळवत, म्हणाली, "म्हंजे मी आठे नव्हतीच का?"

देण्यासारखं एकच उत्तर होतं आणि ते त्यांनीच हिरवी खूण लावून पाठवलं होतं.

ती तरीही येत राहिली. पहिली नोटीस गेली, दुसरी गेली, दोन्ही आप्पांनी सुंदर अक्षरात पत्ता घालून पोस्टाने आमशाला पाठवल्या, आणि पोस्टमन पाड्यावर जात नसल्याने त्या शाळेतच देऊन गेला, आणि भुरीबाईनेच पिठाच्या हाताने नेऊन नवऱ्याला दिल्या. जाब द्या, आपण कामावर का येत नाही? असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र घरी पोचवून ती परत भाकरी करायला आली. मार्चमध्ये ठेकेदाराकडून दोन नव्या बाया आल्या. त्यांना पीठ कुठे, मीठ कुठे, कुठल्या चुलीचा धूर कुठे जातो, हे तिनेच दाखवलं. दोनतीन दिवस ती एका कोपऱ्यात बसून राहिली. पोरं जेवताना तिच्याकडे पाहत होती. मग आली नाही. पहिलीतली दोन पोरं त्या आठवड्यात पळून गेली. ती शोधायला गुरुजी गेले आणि हात हलवत परत आले. बाप येऊन सांगून गेले, पोरं घरीच आहेत, आता येणार नाहीत म्हणतात.

संस्थेची मात्र वाहवा झाली. एप्रिलमध्ये वरून पत्र आलं की सर्वांत अचूक माहिती भरणाऱ्या शाळांत आपली शाळा आहे, मुख्य लिपिकांचं अभिनंदन. सरांनी ते फ्रेम करून आप्पांच्या टेबलामागे लावलं. आप्पांनी ते सरळ आहे की नाही हे दोनदा पाहिलं, आणि त्यानंतर त्या भिंतीकडे पाठ करून बसायची सवय त्यांना सोपी गेली, कारण खुर्ची तशीच होती.

एक जून उजाडला. शाळेला सुट्टी, पण ऑफिस उघडं. सकाळी सव्वादहाला आप्पांच्या मोबाइलवर संदेश वाजला. प्रणालीकडून होता. "प्रिय कर्मचारी, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपल्या प्रामाणिक सेवेचा संस्थेला अभिमान आहे." पाठोपाठ सरांचा मोबाइल वाजला, मग अंगणात शिपायाचा. एकतीस जणांना एकाच घटकेला. सर आपल्या खोलीतून ओरडले, "आप्पा, हॅपी बर्थडे!" आप्पाही हसले. तेवढ्यात दारात सावली पडली.

भुरीबाई होती. उन्हातून नाला ओलांडून आलेली, धापा टाकत, एका हातात घरातला एकुलता एक मोबाइल आणि दुसऱ्या हातात फडक्याची गाठोडी. तिचा चेहरा आप्पांनी तीन महिन्यांत पाहिला नव्हता. तो उजळून निघाला होता.

"आप्पा, कागद उना! मोबाइलमा उना. शेजारना पोरनी 'कर्मचारी' आन् 'सेवा' वाची दिनं, बाकी त्याले येत नही. बलायनं ना माले? कवयपासून येऊ?"

आप्पांनी मोबाइल हातात घेतला. आमशाच्या नोंदीला त्यांनीच हा नंबर जोडला होता, कारण दुसरा नव्हता. सेवा समाप्तीचा प्रस्ताव वर पडून होता, म्हणून आमशाचं नाव अजून यादीत होतं. त्यांनी संदेश वाचला. तोच, अक्षर न अक्षर. प्रामाणिक सेवेचा संस्थेला अभिमान आहे.

खोटं सांगावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण खोटं तरी काय सांगणार?

"बलायनं नही, भुरीबाई," ते म्हणाले. "आज आमशाना वाढदिवस शे, असं म्हनस हाई."

"आज?" तिला कळेना. मग तिला हसू आलं. "त्यानी माय सांगे ना, भोंगऱ्याना बाजारमा तिनं पोट दुखाले लागनं, आन् होळीले आमशा झाया. आज कसा काय?"

"शाळामा घालतांना मास्तरनी लिखी टाकं."

"म्हंजे खोटं."

आप्पांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"खोटं शे ना, आप्पा?"

"हो."

"मंग खोटं लेस ना ही पेटी," भुरीबाई म्हणाली. ती भांडत नव्हती. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं, तिने पडद्याकडे बोटही दाखवलं. "मास्तरनं लिनं. मन्हं खरं व्हतं, ते नही लिनं."

पलीकडच्या खोलीतून सरांचा आवाज आला, "आप्पा, तुम्हालाही मेसेज आला ना? पेढे कधी?" आणि भुरीबाईचे डोळे आप्पांकडे वळले.

"तुन्हा बी आज शे?"

ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याला टेकलेला होता. आत तळाला नऊ सप्टेंबर होतं, त्यावर सतरा वर्षं होती. किल्ली खिशात होती. आप्पा म्हणाले, "हो. आजच शे."

भुरीबाईने मान हलवली. चांगला दिवस आहे, असं काहीसं ती पावरीत पुटपुटली. मग तिने फडक्याची गाठ सोडली. आत आमचूर होता, या उन्हाळ्यात वाळवलेला, आमशा पडला होता त्याच आंब्याचा. दर वर्षी ती शाळा उघडताना आप्पांसाठी आणायची. यंदा बोलावणं आलं म्हणून आजच घेऊन आली होती. तिने टेबलावरचा एक कागद ओढला, त्यावर आमचूर ओतला, फडकं झटकून घडी करून कमरेला खोचलं.

"ठेव," ती म्हणाली. "वाढदिवस शे ना तुन्हा."

ती गेली. आप्पा बसून राहिले. आमचूर ज्या कागदावर ओतला होता तो नव्या महिन्याच्या हजेरीचा छापील गोषवारा होता, आणि आप्पांनी तो तिथून काढला नाही.